मंडईच्या कोपऱ्यावरची सावली

आमच्या खालच्या मजल्यावरच्या ड्रॉइंग मास्तरांइतका माणसांशी उभा दावा मांडलेला चित्रकार सबंध मुंबईत दुसरा झाला नसेल. पार्ल्यातला मंडईचा कोपरा, जिथे संध्याकाळी मुंगीलाही शिरायला जागा नसते, तो त्यांनी निदान शंभर वेळा रंगवला आणि शंभरही वेळा ओसाड. दुकानं उघडी, तराजू टांगलेला, उन्हं कललेली, सावल्या लांबलचक; माणूस औषधालाही नाही. कोपऱ्याआडून तेवढी एका बाईची सावली पडलेली, हातात पिशवी. या सावल्या ते रोज चार वाजता रस्त्यावर उकिडवे बसून फूटपट्टीने मोजत. भाजीवाली चार दिवस ओरडली, पाचव्या दिवसापासून पट्टीचं दुसरं टोक धरू लागली. सोसायटीने एकदा गणपतीचा पडदा रंगवायला दिला, तर मास्तरांनी निर्मनुष्य अंगण काढलं. सेक्रेटरीने विचारलं, यात भक्त कुठे आहेत? "दर्शन घेऊन गेले," मास्तर म्हणाले.

पुढे ही चित्रं जोगेश्वरीच्या चार-पाच तरुण चित्रकारांच्या नजरेस पडली आणि मास्तर एकदम गुरू झाले. ही मंडळी स्वतःला अतिवास्तववादी म्हणवत. मास्तरांचा कोपरा घ्यायचा आणि त्यात डोक्याच्या जागी घड्याळ असलेला बांगडा उभा करायचा, असा त्यांचा खाक्या. त्या सावलीला कोणी मृत्यू म्हणे, कोणी सुप्त मन. मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात जाई. स्वप्न कसलं, डोळे टक्क उघडे ठेवून काढलंय, असं ते खेकसत. पोरं तेही वाक्य वहीत उतरवून घेत.

मलाही हा सगळा तऱ्हेवाईकपणाच वाटे. शेवटच्या आजारात मात्र एका दुपारी त्यांनी मला जवळ बसवून सांगितलं. तीस वर्षांपूर्वी बायको नवी साडी नेसून मंडईत निघाली होती. मास्तर चित्रात गढलेले. "अहो, बघा ना जरा," ती म्हणाली. "आल्यावर बघतो," हे म्हणाले, मान वर न करता. कागदावरून तिची सावली सरकली, तेवढीच दिसली. मंडईच्या कोपऱ्यावर तिला ट्रकने उडवलं.

"गर्दीत चुकायला नको रे ती," मास्तर म्हणाले. "म्हणून सगळ्यांना बाजूला केलंय. त्या पोरांना सांग, कोपऱ्यावर काही ठेवू नका म्हणावं."

दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. पुतण्याने चित्रं जपेन म्हणून सांगितलं, पोरांनी मोठं प्रदर्शन भरवू म्हणून हात जोडले. कावळा कठड्यावर ढिम्म. शेवटी मी मनातल्या मनात म्हटलं, मास्तर, कोपरा रिकामा राहील. कावळा लगेच शिवला.

मी पोरांना सगळं सांगितलं. ऐकताना त्यातल्या एकीचे डोळे भरून आले. डोळे पुसून ती म्हणाली, "पण काका, मग आम्ही काढायचं काय?"

प्रदर्शनात पोरांच्या चित्रांतल्या प्रत्येक कोपऱ्यावर शिड्या, घड्याळं आणि बांगडे दाटीवाटीने उभे होते. मेलेल्या माणसाला दिलेला शब्द माझ्याच्याने पाळवला नाही, याची लाज वाटते. आता चारच्या सुमाराला मंडईत गेलो, की त्या कोपऱ्यावर मी रेंगाळत नाही. पिशवी छातीशी धरतो आणि भिंतीला लागून चालतो, वाटेत येऊ नये म्हणून.