लोखंडावरचा यशवंतदादा

उंच गर्डरवरून यशवंतदादा बिडी ओढत चालायचा म्हणे. राम घाटाच्या शेवाळलेल्या पायऱ्या उतरताना मात्र माझा हात घट्ट धरायचा. मी हसले की म्हणायचा, "लोखंड बेईमान नसतं ताई. ही काई बेईमान."

देवास गेटजवळच्या आमच्या गल्लीतले पुरुष उंच इमारतींचे पोलादी सांगाडे उभे करायला गावोगाव जातात. दादा त्यांच्या टोळीचा मुकादम, आमचा शेजारी. मी त्याला राखी बांधायची. पूर्वी एकदा सांगाडा कोसळला आणि गल्लीतल्या एका घरचे बाप-लेक दोघंही गेले. तेव्हा बायकांनी नियम केला: एका घरचे दोघं एका इमारतीवर चढणार नाहीत. दर खेपेला निघण्याआधी दादा आमच्यासमोर शिप्रा नदीचं पाणी ओंजळीत घेऊन तसं वचन द्यायचा. त्या पाण्याच्या भरवशावर आम्ही झोपायचो.

माझा निलेश कामाला लागला तेव्हा दादा म्हणाला, हा पुण्याला आणि याचा बाप हैदराबादला. रोज संध्याकाळी दोघांचे वेगवेगळे फोन यायचे. मी नवऱ्याला लाडू पाठवले, निलेशला चिवडा. पुढच्याच आठवड्यात निलेश फोनवर बोलून गेला, "आई, या वेळी लाडवांत इलायची ज्यादा झाली."

लाडू तर मी हैदराबादला पाठवले होते. दोघं हैदराबादेत एकाच गर्डरवर बोल्ट आवळत होते, आणि मला रोज दोन गावांच्या हवेच्या गोष्टी सांगत होते.

काम संपलं, दोघं धडधाकट घरी आले. गल्लीतले पुरुष म्हणाले, मग बिघडलं काय? दादाला विचारलं तर तो शांतपणे म्हणाला, "बाप-बेट्यासारखी जोडी वर दुसरी जमत नाही ताई. तुला सांगितलं असतं तर तू जाऊ दिलं असतंस का?"

नसतंच दिलं. म्हणून तर नियम होता. नवऱ्याशी भांडले, पोरासमोर रडले, त्यांना कसंबसं माफही केलं. ते मला घाबरून खोटं बोलले होते. दादा मात्र पाणी हातात घेऊन बोलला होता.

पुढच्या खेपेला बायका घाटावर जमल्या. दादाने नेहमीसारखा हात पुढे केला, "चल ताई." मी हात पदराखाली घेतला. तो खाली बसला आणि लहान मुलासारखा एकेक पायरी सरकत पाण्याकडे निघाला. त्याच्या मनगटावर माझ्या राखीचा विटलेला दोरा होता. त्याने ओंजळ भरली, वर माझ्याकडे पाहिलं आणि वचन न देताच पाणी नदीत सोडून दिलं.

त्या खेपेला आमच्या घरचं कुणीच गेलं नाही.