पळीभर पाण्याची जागा

तू स्टुडिओत नेमकं काय करतोस, असं गौरांगला कुणी विचारलं की तो एका शब्दात उत्तर देई, "कापतो."

गंगापूर रोडला एका दातांच्या दवाखान्याच्या वर त्याच्या दोन खोल्या. तिथं कोण येऊन काय गाऊन जाईल याचा नेम नव्हता. दिंडोरीकडचे लोक द्राक्षांच्या औषधाची जाहिरात करून घेत, शाळा गॅदरिंगची गाणी आणत, लग्नघरं आपापले हौशी गवई आणत. गाणारे गाऊन मोकळे होत आणि मग गौरांगचं दळण सुरू होई. खोकला काप, खुर्चीची करकर काप, दोन ओळींमधली धाप काप. पडद्यावर आवाजाची निळी पट्टी दिसे. तिची कड माउसने धरायची आणि आत ढकलायची. एकेकाळी हाच मुलगा तबला वाजवायचा. समेवर यायच्या आधी मुद्दाम रेंगाळून ऐकणाऱ्यांचा जीव टांगणीला लावायचा. आता रेंगाळणं म्हणजे रिकामी जागा, आणि रिकामी जागा दिसली की बोट आपोआप चालायचं.

मान आखडलेली, डोळे चुरचुरणारे, अशा अवस्थेत तो घरी येई. त्याची बायको यशश्री म्हणायची, "मी नुसता श्वास घेतला तरी तू पुढचं बोलायला लागतोस." तो हसत नसे. हसायलाही अंगात थोडं त्राण लागतं.

त्याचे वडील गोविंद गुरुजी, घरातले अण्णा. सगळे पंचवटीत एकाच घरात राहत. गंगेवरची, म्हणजे गोदेच्या घाटावरची पूजापाठाची कामं मुलाने पुढे चालवावीत असं अण्णांना वाटलं होतं, मुलाला वाटलं नाही, विषय तिथेच मिटला. पण गणेश चतुर्थीच्या सकाळी अण्णा एका घरातून दुसऱ्या घरात धावत, धोतराचा सोगा सावरत. या घराचा गणपती बसला की त्या घरचा फोन आलेलाच असे. यंदा उन्हाळ्यात त्यांच्या घशाचं दुखणं निघालं. स्वरयंत्र काढावं लागेल, आवाज जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. अण्णांना पहिली काळजी लागली ती यजमानांची.

"गौरांग, चतुर्थीची सगळी पूजा माझ्या आवाजात भरून ठेव," ते म्हणाले. "मी सांगतो, लोक ऐकून करतील. गुरुजींनी आपल्याला वाऱ्यावर सोडलं असं कुणाला वाटायला नको."

ऑपरेशनच्या आधी ते स्टुडिओत येऊन माइकसमोर बसले. समोर ताम्हण नव्हतं, पळी नव्हती, तरी हात हवेत चालत होते. "उजव्या हातावर पळीभर पाणी घ्या," असं म्हणून ते थांबत. समोर खरंच कुणी बसलंय आणि त्याच्या हातावरचं पाणी अजून सुटायचंय, असे थांबत. मग पुढचं सांगत. काचेपलीकडे गौरांग फोनवर ओझरच्या किशोर नावाच्या गिऱ्हाइकाला समजावत होता की तुझं गाणं आज नक्की देतो. त्याने अण्णांचं ते थांबणं पाहिलं आणि विसरूनही गेला.

पुढे हॉस्पिटल, डबे, औषधं, आणि त्यातच गिऱ्हाइकांचे तगादे. जीव अगदी मेटाकुटीला आला होता. अण्णांची पूजा त्याने इतर कामांसारखीच हातावेगळी केली. सगळ्या शांत जागा एकदम शोधून काढून टाकायची सोय सॉफ्टवेअरमध्ये असते. त्याने ती वापरली. वर डिस्क भरली म्हणून नको असलेले तुकडेही कायमचे पुसले. एरवी कापलेला भाग कडेआड दडलेला असतो, कड बाहेर ओढली की परत येतो. पुसल्यावर मात्र येत नाही. हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं, आणि तरी त्याने ते केलं, कारण त्याला घरी जाऊन आडवं व्हायचं होतं.

अण्णा घरी आले. गळ्यातल्या भोकावर पातळ फडकं, श्वास तिथूनच. यशश्रीने पाटी-पेन्सिल आणून दिली, ती कोपऱ्यात पडून राहिली. जरा बरं वाटल्यावर त्यांनी खुणेनं सांगितलं, ते रेकॉर्डिंग लावा, यजमानांना पाठवायच्या आधी एकदा पूजा करून बघू. पाट मांडला, गणपतीच्या जागी सुपारी ठेवली, ताम्हण-पळी घेतली, आणि आयुष्यभर दुसऱ्यांना सांगणारे अण्णा स्वतः यजमानाच्या जागी बसले. गौरांगने फोनवर रेकॉर्डिंग लावलं.

अण्णांचा धडधाकट आवाज सुरू झाला. पळीभर पाणी घ्या, ताम्हणात सोडा, गंध लावा, अक्षता वाहा, फूल वाहा. अण्णा पाणी सोडताहेत तोवर आवाज गंधावर, ते गंधाकडे वळताहेत तोवर आवाज दूर्वांवर. त्यांनी घाई केली, पळी निसटली, पाणी पाटावर सांडलं. त्यांचाच आवाज त्यांना दामटत होता आणि त्याला थांब म्हणायला त्यांच्याकडे आवाज नव्हता. शेवटी यशश्रीनेच फोन बंद केला.

"अरे, यात माणसाने पाणी सोडायचं कधी?" ती म्हणाली.

अण्णा चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पंच्याने हात पुसले, सुपारी उचलून डबीत ठेवली आणि ते आत जाऊन पडले.

दुसऱ्या दिवशी त्याने तुकडे लांब लांब सरकवून मध्ये कोरी शांतता घातली. यशश्रीला ऐकवलं, तर पहिल्याच जागी तिने फोन उचलून तो बंद पडला का ते पाहिलं. खरंच, ती जागा मेलेली वाटत होती. कुणी वाट बघतंय असं तिच्यात काही नव्हतं. वाट बघणारं माणूसच त्याने पुसून टाकलं होतं, आणि ते माणूस आता पुन्हा बोलणार नव्हतं. गौरांग माउस सोडून तसाच बसून राहिला. त्याला रडू येत होतं आणि त्याचाही कंटाळा आला होता.

मग त्याला सुचलं, की अण्णा बोलू शकत नाहीत, पण थांबू तर शकतात.

त्याने माइक घरी आणला आणि अण्णांसमोर पुन्हा पाट मांडला. एकेक वाक्य वाजवायचं आणि थांबवायचं. मग अण्णांनी ती कृती करायची, सावकाश, म्हाताऱ्या यजमानालाही जमेल अशी. झाली की मान हलवायची. पळीतून ताम्हणात पडणारं पाणी, बांगड्या सावरत फुलांचं तबक पुढे करणारी यशश्री, बाहेरून जाणारी रिक्षा, सगळं माइकमध्ये जात होतं. त्या थांब्यांत गौरांगला काही करायचं नव्हतं. हात मांडीवर ठेवून तो नुसता बसला होता.

ते थांबे मूळ वाक्यांमध्ये बसवून त्याने ऐकवलं, आणि अण्णांचा चेहरा पडला. प्रत्येक जागेत त्यांच्या गळ्यातल्या श्वासाची बारीक शीळ ऐकू येत होती. त्यांनी गळ्याकडे बोट केलं आणि दोन बोटांची कात्री करून दाखवली. मंगल कार्यात हे नको, काप.

"कापतो," गौरांग म्हणाला.

त्याने कापलं, मनापासून, एकेक शीळ शोधून, पाण्याच्या थेंबाला धक्का न लावता. ती पूजा यजमानांना पाठवली. न कापलेली त्याने आपल्याजवळ ठेवली, दोन ठिकाणी.

चतुर्थीला घरचा गणपती बसवायला अण्णांनी त्यालाच पाटावर बसवलं आणि स्वतः शेजारी बसले. गौरांगने न कापलेली पूजा लावली. पहिल्याच थांब्याला फोनमधली शीळ ऐकू आली आणि तशीच शीळ शेजारून. अण्णांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. दोन बोटांची कात्री केली.

"घरच्यासाठी राहू दे, अण्णा," तो म्हणाला.

अण्णांची बोटं थोडा वेळ तशीच राहिली. मग त्यांनी पळी उचलून त्याच्या हातावर पाणी घातलं. गौरांगने ते शेवटच्या थेंबापर्यंत ताम्हणात सोडलं आणि मगच अण्णांचा आवाज पुढचं सांगू लागला.