गाडी थांबली की विझणारा दिवा

त्या सोडावॉटरच्या गाड्याची केस अजून माझ्या डोक्यातून गेलेली नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातले बरेचसे विसरलो. हा साधा अपघात मात्र विसरता येत नाही, आणि आठवला की तोंड कडू होतं.

महाराजांच्या अमदानीतली शेवटची वर्षं होती. मी कोल्हापुरात फौजदार होतो. महायुद्ध संपलं आणि फौजेतल्या जुन्या फटफट्या लिलावात निघाल्या. त्यातली एक सोडावॉटरच्या एका कारखानदाराने घेतली. शेटजींची हौस मोठी आणि हात आखडता. फटफटीमागे त्यांनी दोन चाकांचा लाकडी गाडा जोडला आणि त्यात बाटल्यांची खोकी भरून आसपासच्या गावांना माल पोचवू लागले. अंधारात मागून येणाऱ्याला गाडा दिसावा म्हणून त्याच्या पाठीला एक तांबडा दिवा लावला होता. फटफटीच्या बॅटरीवरून गाड्यापर्यंत तार ओढायचं काम एका मुसलमान मिस्त्रीने केलं होतं. हा मिस्त्री लढाईत इराकमधल्या बसऱ्याला फौजेच्या गाड्या दुरुस्त करून आलेला. कसबी, पण जिभेला हाड नाही.

एका संध्याकाळी दिवेलागण उलटून गेल्यावर उचगावच्या रस्त्यावर शेटजींची फटफटी बंद पडली. ते खाली उतरून खटपट करत असताना मागून एक टांगा आला आणि उभ्या गाड्यावर आदळला. टांगेवाला उडून दगडावर पडला, तो पुन्हा उठला नाही. उचगावचाच माणूस, घरी बायको आणि दोन लहान मुली.

मी पंचनामा केला. तांबडा दिवा बंद होता. शेटजींनी जागेवरच जबाब दिला, "मिस्त्रीनं वायरिंग कच्चं केलं. माझा काय दोष?" पुढच्या आठवड्यात टांगेवाल्याच्या दहाव्याला जाऊन त्यांनी चारचौघांत जाहीर केलं, की या बाईला कारखान्यात काम देतो, राहायला खोली देतो, पोरींचं मी बघतो. गाव गहिवरलं. मिस्त्रीला मात्र हयगयीने मृत्यूस कारण झाल्याच्या आरोपावरून अटक झाली.

कोठडीत तो गरम तव्यासारखा होता.

"गाड्याला एकच तार का ओढलीस?" मी विचारलं.

"फटफटीलाबी एकच हाय की साहेब. एका तारेनं वीज जाती, आन् लोखंडातनं परत येती. फटफटीचा हूक आन् गाड्याची कडी, लोखंडाला लोखंड भिडलं की झालं. बसऱ्यात गोऱ्या साहेबांच्या गाड्यांस्नी असंच वायरिंग केलंय म्या. तवा कुणाचा जीव गेला न्हाई!"

"मग दिवा विझला कसा?"

"ते मला ठावं न्हाई. माझं काम पक्कं हाय."

असा माणूस तपासात स्वतःचंच नुकसान करून घेतो. माझ्या हवालदाराने तर त्याला दोषी ठरवून टाकलं होतं, कारण काय, तर आरोपी नजर खाली घालत नाही.

खबर मिळाली ती टोलनाक्यावरच्या नाकेदाराकडून. एरवी त्याला कोणी विचारत नाही, म्हणून तो आपण होऊन चौकीवर आला. म्हणाला, "फौजदारसाहेब, त्या गाड्याचा दिवा म्या रोज बघतोय. गाडी पळाय लागली की लुकलुकतोय. नाक्यावर उभी राहिली की गप. पयला असा न्हवता, म्हैन्याभरातच झालाय."

हे ऐकून मी चौकीच्या आवारात जप्त करून ठेवलेल्या गाडीपाशी गेलो. बॅटरी अजून जिवंत होती. बटण दाबलं, दिवा लागला नाही. शिपायाला गाडा गदागदा हलवायला सांगितलं, तर दिवा लुकलुकला. थांबवला, विझला. मग मी हूक आणि कडी यांच्या मधे बघितलं. तिथे चामड्याची जाड पट्टी गुंडाळून बसवली होती. पंचनाम्यात ती मी लिहिलेली होती, पण टांगे पाहून पाहून डोळ्यांना त्यात वावगं काही वाटलंच नव्हतं. आमच्याकडे टांगेवाले लोखंड लोखंडावर आपटतं तिथे चामडं घालतातच. खडखड थांबते, बसणाऱ्याला हिसका बसत नाही. पट्टी काढली आणि तांबडा दिवा लख्ख पेटला.

मिस्त्रीला पट्टी दाखवली, तर तो माझ्यावरच उखडला. "चामडं? हुकात? याड लागलंय व्हय मला? शेटनं इचारलं तवाच नगं म्हणलं व्हतं म्या!" शेटजींना विचारलं, तर त्यांनी शांतपणे सांगितलं, "मिस्त्रीनंच घातलं असणार. मला त्यातलं काय कळतंय?"

पट्टीच्या कडेला दुहेरी शिवण होती. ती घोड्याच्या साजाची शिवण. शहरातल्या टांग्याच्या अड्ड्यावर चौकशी केली, कोणालाच काही माहीत नव्हतं. शेवटी नाइलाजाने उचगावला त्या बाईच्या दारात गेलो. साज खुंटीला टांगलेला होता आणि त्याचा एक पट्टा टोकाला कापलेला होता. पट्टी मी तिथे लावून पाहिली. शिवण शिवणीला जुळली.

बाई चुलीपाशी बसून ते बघत होती. मी काही विचारण्याआधीच ती बोलली.

"शेट आलतं हितं. बाटल्या फुटत्यात म्हणालं, टांग्याला करतोस तसं कायतरी कर. ह्यांनी पट्टा कापला आन् बशिवलं. पैसंबी घेतलं न्हाईत." जरा थांबून म्हणाली, "मिस्त्री नगं म्हणतोय, पर त्याचं काय ऐकू नगंस, असंबी म्हणालं शेट. म्या हितंच हुते."

मी तिला समजावून सांगितलं, की त्या पट्टीमुळेच दिवा विझत होता. तिचा चेहरा बघवेना. आपल्या नवऱ्याने भल्यापोटी जे केलं त्यानेच त्याचा जीव घेतला, हे मी, एक परका माणूस, तिला सांगत होतो.

"मी ह्ये सायबापुढं सांगितलं तर मिस्त्री सुटंल?"

"सुटेल."

"आन् शेट?"

मी पट्टी रुमालात गुंडाळून खिशात घातली. शेटजींनी कबूल केलेलं काम आणि खोली हातची जाणार, हे तिला कळलं होतं.

तरी तिने जबानी दिली. मॅजिस्ट्रेटसमोर पदर सावरून उभी राहिली आणि एकही शब्द फिरवला नाही. शेटजींनी वकील दिला होता. त्याने एवढंच मांडलं, की बाटल्या फुटतात म्हणून सांगणं हा गुन्हा नाही. चामडं घातलं ते मयताने. मिस्त्रीने नको म्हटल्याचं शेटजींच्या तोंडून ऐकणारी एकटी बाई, तीही मयताची बायको. मिस्त्री सुटला. शेटजींवर खटला उभाच राहिला नाही.

दुसऱ्याच दिवशी कारखान्याच्या दरवानाने बाईला दारातून परत पाठवलं. मी शेटजींकडे जाऊन त्यांना दहाव्याला दिलेल्या शब्दाची आठवण करून दिली. ते म्हणाले, "ज्याच्या चुकीनं माझं नाव कोर्टात गेलं, त्याच्या घरी मी चूल पेटवू?" घोडा विकून, पोरींना घेऊन बाई शिरोळकडे भावाच्या मळ्यात राबायला गेली. मला मात्र वरिष्ठांकडून चांगल्या तपासाबद्दल शाबासकीचा शेरा मिळाला. तो आला त्या दिवशी मी जेवलो नाही.

काही दिवसांनी मिस्त्रीच्या दुकानावरून जात होतो. तो गिऱ्हाइकांना मोठ्याने सांगत होता, "माझं वायरिंग एक नंबर व्हतं. त्यो टांगेवालाच अडाणी." मला राहवलं नाही. आत जाऊन म्हणालो, "मिस्त्री, ती बाई बोलली म्हणून तू आज इथं आहेस. तिच्या घरची चूल विझली. एकदा जाऊन भेटलास तरी?"

त्याने हातातला पाना खाली ठेवला. खरोखरच कोड्यात पडल्यासारखा तो माझ्याकडे बघत राहिला.

"साहेब, खरं त्येच बोलली की ती. त्यात उपकार कसला?"

एवढी वर्षं गुन्हेगारांशी झगडून मी एक गोष्ट शिकलो. खोट्यासाठी पैसे मोजणारे पुष्कळ असतात, शेटजी वकिलाला मोजतात. खऱ्याची किंमत ज्याने ते सांगितलं त्यानेच द्यायची, आणि वर त्याला कोणी धन्यवादही म्हणत नाही. मिस्त्रीचं म्हणणं कायद्याला धरून होतं. त्याच्या थोबाडीत द्यायला उठलेला हात मी खिशात घातला आणि चौकीवर परत आलो.