सशाची जादा शीर

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मग मधे थांबवू नका.

मी बीएस्सीला होते. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. राहायला अंबरनाथला, कॉलेज उल्हासनगरला. प्रॅक्टिकलला सशाचं हृदय होतं आणि त्या लेक्चरला मी नेमकी तापाने घरी. मग हृदय शिकले ते डॉक्टरकी करणाऱ्या आतेभावाच्या पुस्तकातून. हृदय ते हृदय, त्यात काय एवढं?

ट्रे समोर आला. पुस्तकात वरून हृदयात येणारी मोठी शीर एकच होती. इथे दोन. एक उजवीकडून, एक डावीकडून.

“कविता, या सशाला एक शीर जादा आहे.”

कविता माझी पार्टनर, उल्हासनगरच्याच कॅम्प तीनची सिंधी. तिने वाकून पाहिलं. “अरे यार, तू तो पेपरमध्ये येणार.”

इथे गप्प बसावं की नाही माणसाने? मी शेजारच्या ट्रेमध्ये डोकावले. तिथेही दोन. तरी मला स्वतःचा संशय आला का? नाही. म्हटलं, हे सख्खे भाऊ असणार. घराण्यातच दोष आहे.

ससे यायचे वांगणीच्या एका काकीकडून. रविवारी आम्ही दोघी थेट तिच्या अंगणात.

“काकी, या सशांच्या आईबापाला हृदयाचा काही त्रास होता का?”

काकी पिंजऱ्यात गवत टाकत होती. “कोनी सांगला तुला? माज्या सशांना कायपन झायला नाय.”

“पण त्यांच्या हृदयात एक शीर जास्त आहे.”

“तू आत जाऊन बगितलास?”

“हो.”

काकीने माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्याने स्टेशनची वाट धरली.

पण कविता कसली मुकाट बसते. तिने पप्पांना सांगितलं, पप्पांनी जीन्सच्या कारखान्यात. चार दिवसांत सगळ्या बाजारात एकच, “वांगणी के खरगोश को हार्ट की बीमारी है.” काकी त्याच बाजारात पोरांना पाळायला ससे विकायची. आता तिच्या टोपलीकडे कुणी फिरकेना.

ती टोपली घेऊन काकी सरळ आमच्या लॅबमध्ये आली. “कुठं हाय ती पोरगी?”

मॅडमनी तिचं ऐकलं, माझं ऐकलं. मग शांतपणे विचारलं, “कुठलं पुस्तक वाचलंस?”

मी दाखवलं.

“हे माणसाचं आहे.”

“हो मॅडम.”

“माणसाला वरची मोठी शीर एक. सशाला दोन. प्रत्येक सशाला.” मॅडमनी पुस्तक मिटलं. “आता दोघींनी बाजारात जायचं आणि हे दुकानादुकानात सांगायचं.”

काकीने टोपलीवरचं फडकं सारखं केलं. “म्हंजे माजे ससे बराबर हायत?”

“अगदी.”

“मंग एक शीर कमी कोनाला?”

मॅडमनी काही सांगायच्या आत मीच हात वर केला.