रोबोटला ऊन-पाऊस

“चांगला नवा पत्रा आणतात आणि स्वतःच्या हाताने गंजवतात. बाकी माणूस भला आहे हो,” लिफ्टमध्ये दुसऱ्या मजल्यावरच्या काकू शेजारणीला हळू आवाजात सांगत होत्या. मी मोबाइलमध्ये डोकं घालून उभी राहिले. हे चाललं होतं माझ्या मामांबद्दल, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

माझ्या मामांइतका कोऱ्या वस्तूचा तिरस्कार करणारा माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात सापडायचा नाही. वागळे इस्टेटमधल्या लोखंडी कपाटांच्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं रंगाच्या खात्यात तपासनीस म्हणून काढली. मोहरीएवढा गंज दिसला तरी अख्खं कपाट परत पाठवायचे म्हणे. रिटायर झाले आणि इतकी वर्षं परत पाठवलेला सगळा गंज त्यांनी डोंबिवलीच्या घरात आणला. कुठल्याशा पडेल इंग्रजी सिनेमात एक साडेसहा फुटी रोबोट अकरा मिनिटं दिसतो. खाणीत दगड वाहतो, एकही वाक्य बोलत नाही. मामांना तोच हवा होता, तेवढाच उंच, तेवढाच कळकट. पीव्हीसीचे पाइप, प्लायवूड, पत्रा आणि कुणीतरी टाकून दिलेल्या कूलरची जाळी यांतून तो आठ महिन्यांत उभा राहिला. टीव्हीशेजारी, बाल्कनीच्या दारात. तेव्हापासून बाल्कनीत जायचं तर पोट आत घेऊन, आडवं होऊन जावं लागतं.

मला वाटलं, झालं. पण मामांच्या मते तो तेव्हा कुठे जन्मला होता, आता त्याला म्हातारा करायचं होतं. परदेशात असे सिनेमातले रोबोट बनवणारे हौशी लोक याला वेदरिंग म्हणतात. मी नोकरीसाठी मामांकडे राहते आणि इंग्रजी शाळेत शिकलेय, म्हणून त्या लोकांना मेल लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी शब्द सांगितला, तो त्यांनी दोनदा जिभेवर घोळवला आणि बाजूला ठेवला. “त्यापेक्षा ऊन-पाऊस म्हणू.” त्या दिवसापासून घरात भाषाच बदलली. “आज डाव्या खांद्याला ऊन-पाऊस द्यायचाय, पंखा लावू नका.” “गुडघ्यांना पावसाळा जरा जास्त झाला.” फोनवर कुणी ऐकलं तर काय समजेल, या विचाराने मी हल्ली ऑफिसचे कॉल जिन्यात जाऊन घेते.

या ऊन-पावसासाठी अभ्यास लागतो. खोपटच्या डेपोत त्यांनी मला पाऊण तास उभं केलेलं. स्वतः एका एसटीच्या पायरीसमोर उकिडवे बसून, घासून घासून रंग कुठे उडालाय त्याचे फोटो काढत होते. अख्खी गाडी खिडक्यांतून आमच्याकडे बघत होती. कंडक्टरने खाली उतरून विचारलं, “काय हो काका, कंप्लेंट करायचीय?” मामा मान वर न करता म्हणाले, “छे हो. कौतुक करतोय.” कंडक्टरने माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना ओळखत नसल्यासारखी पनवेलच्या पाटीकडे बघत राहिले.

गंजही त्यांना रंगवलेला चालत नाही, खरा लागतो. तारेच्या घासण्या व्हिनेगरमध्ये कुजवून, वाळवून, कुटून त्याची पूड करतात. ती बरणी एकदा लाल तिखटाशेजारी आली आणि मी त्यातली पूड पोह्यांवर शिंपडणार इतक्यात मामीने माझा हात धरला. तेव्हापासून बरणीवर मामीच्या अक्षरात ‘खाऊ नये’ अशी पट्टी आहे. मामी रोबोटला “तुमचं भंगार” म्हणायची. त्याच्याकडे बघायचीही नाही, झाडू मारताना त्याच्या पायांना वळसा घालायची.

दीड वर्ष हे चाललं. मग ठाण्यात अशा हौशी लोकांचं प्रदर्शन ठरलं आणि मामांना रीतसर बोलावणं आलं. दसऱ्यानंतरच्या रविवारी. आयुष्यात त्यांना कशासाठीही असं बोलावणं आलं नव्हतं. तो मेल त्यांनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतला. ऊन-पाऊस पुरा झालेला, फक्त तो धरून ठेवणारा लॅकरचा शेवटचा हात दसऱ्याला द्यायचा होता.

आदल्या दिवशी खंडेनवमी. मामा टेम्पो ठरवायला शीळफाट्याला गेलेले. मामीने पूजेसाठी शिलाई मशीन पुसलं, मिक्सर पुसला, स्कूटर धुतली. मग बादली, साबण आणि लिंबाच्या साली घेऊन ती रोबोटकडे वळली. मी दारात उभी होते. काय होणार ते मला दिसत होतं. मी तोंड उघडलं आणि मिटलं.

मामा आले तेव्हा तो कारखान्यातून नुकता आल्यासारखा लखलखत होता. कपाळावर हळदकुंकू, गळ्यात झेंडूची माळ.

“मळकं यंत्र पुजतात का कधी?” मामी पदराला हात पुसत म्हणाली. “आणि तोंड काय पाडलंत? गंज बरणीत आहे की. सकाळी लावा परत.”

बरणीतला गंज म्हणजे पावडर-टिकली नव्हे, त्यामागे दीड वर्ष आहे, हे मामांनी सांगितलं नाही. ते रोबोटभोवती एकदा फिरले. “छान निघालाय,” म्हणाले. माळ जरा सरळ केली. मामी खूश होऊन नैवेद्याचं बघायला आत गेली.

मग ते माझ्याजवळ आले. आवाज अगदी खाली आणला. “त्या प्रदर्शनवाल्यांना फोन कर. इंग्रजीत नीट सांग, येत नाही म्हणावं. माझी पाठ धरलीय म्हण. हिला कळू देऊ नकोस.” गंजाचे डाग गेलेल्या खांद्यावरून ते अंगठा फिरवत होते, कपाट तपासल्यासारखा. तीस वर्षांत त्यांनी पास केला असता असा तो खांदा होता. इतके थकलेले मामा मी पाहिले नव्हते.

मी नंबर काढला. मग फोन टेबलावर उपडा ठेवला.

“मामा, मी दारातच होते. थांबवणार होते मी मामीला. पण ती त्याला घासता घासता सांगत होती, ‘रविवारी तिथे सगळी मोठी माणसं असतील, आमच्या ह्यांना बोलता येत नाही चारचौघांत, तू सांभाळून घे रे.’ मग मला बोलवेना.”