विषय क्रमांक एकतीस

विद्यापीठात माझं काम विद्या परिषदेच्या बैठकीची विषयपत्रिका तयार करण्याचं. फाइल ज्या क्रमाने येईल त्याच क्रमाने विषय लावायचा, म्हणजे कुणाची कुरकुर नाही, हा माझा नियम. त्या सकाळी मल्लेश्वरमहून मेट्रोत बसल्यावर यादी पुन्हा एकदा वाचली तेव्हा त्या नियमाचा घोळ लक्षात आला.

एकतिसावा, म्हणजे शेवटचा विषय पीएचडी करणाऱ्या एका मुलीचा होता. तिचे मार्गदर्शक वारले होते. परिषदेने नवे मार्गदर्शक मंजूर केले तरच तिचा प्रबंध स्वीकारला जाणार होता, आणि तिची मुदत महिनाअखेरीस संपत होती. पुढची बैठक चार महिन्यांनी. आमच्याकडे जेवण झालं की बाहेरगावचे सदस्य विमानतळाची वाट धरतात. मग गणसंख्या भरत नाही आणि उरलेले विषय पुढच्या बैठकीवर जातात. छापून वाटलेला क्रम आता बदलता येत नव्हता. जेवणाची वेळ एक, हीसुद्धा मीच छापलेली.

साडेबारा वाजले तरी अठराव्या विषयावर, एका अभ्यासक्रमाच्या नावावरून, वाद चालूच होता. मी मागच्या दाराने कँटीनमध्ये कानडी आचाऱ्याकडे गेले.

"अण्णा, मी सांगेपर्यंत पानं मांडू नका."

"अक्का, पुऱ्या चामड्यासारख्या होतील. शिव्या मला बसतील!"

"माझं नाव सांगा."

"सरी, ठीक आहे. पण स्वल्पच हं, थोडाच वेळ."

एक वाजून गेला. कुलसचिवांनी माझ्याकडे पाहिलं. मी फाइलीत डोकं घातलं.

"बाई, आज परिषदेची एकादशी आहे का?" एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी विचारलं. सगळे हसले. पण भुकेने काम केलं. पुढचे सगळे विषय 'मंजूर, मंजूर' करत दहा मिनिटांत सरले.

एकतिसाव्याला मात्र कुणीतरी विचारलं, "या नव्या मार्गदर्शकांकडे आणखी एक विद्यार्थी घ्यायला जागा आहे का?"

खुणेची चिठ्ठी लावलेलं पान मी कुलगुरूंपुढे धरलं.

"आहे. मंजूर," ते म्हणाले, आणि खुर्च्या सरकल्या.

ती मुलगी बाहेरच्या बाकावर बसली होती. विजयपूरची, घरी मराठी बोलणारी. मला पाहताच उठली.

"मॅडम, सगळ्यांनी वाचला का माझा अर्ज? काय म्हणाले?"

"मंजूर झाला," मी म्हणाले. "चल, आधी जेवून घे."