फोटो नसलेली मुलगी

ती घटना आठवली की आजही माझी छाती फुगते, खोटं कशाला बोलू?

तेव्हा मी वर्धा जिल्ह्यात ठाणेदार होतो. एकाच आठवड्यात माझ्या हद्दीतून दोन मुली बेपत्ता झाल्या. एक नामांकित डॉक्टरांची, कॉलेजात शिकणारी. दुसरी आदिवासी वस्तीवरची, सतरा वर्षांची, मजुरीला जाणारी. डॉक्टरांच्या मुलीसाठी ठाण्यासमोर चॅनेलवाल्यांच्या गाड्या लागल्या. दुसरीची चार ओळींचीही बातमी नाही. एका वार्ताहराला विचारलं, तर म्हणतो कसा, "साहेब, त्यात स्टोरी नाही." डोकंच फिरलं माझं.

मुलगी अल्पवयीन, म्हणून अपहरणाचा गुन्हा नोंदवून सगळीकडे बिनतारी संदेश पाठवले होते. अडचण फोटोची होती. आधार कार्डावरचा फोटो लहानपणीचा, तोही पुसट. तिची आई रोज ठाण्यात येऊन बसायची.

"दुसरा फोटू नाई जी साहेब," ती म्हणाली. "पण ते हुबेहूब माह्यासारखी दिसते. सारी वस्ती सांगते."

मी बाईच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मनाशी ठरवलं.

संध्याकाळी चॅनेलवाल्यांनी डॉक्टरांच्या मुलीबद्दल विचारायला माइक पुढे केले. थेट प्रक्षेपण सुरू होतं. मी तिची माहिती दिली आणि लगेच या आईला शेजारी उभं केलं. "आणखी एक मुलगी बेपत्ता आहे. तिचा फोटो नाही. हा चेहरा बघा आणि यातली वीस वर्षं कमी करा. कुणाला दिसली असेल तर ठाण्यात फोन करा." वार्ताहरांना कॅमेरे तिच्याकडे वळवावेच लागले. बघा म्हटलं, लेकहो!

दुसऱ्या दिवशी सकाळीच जाम गावच्या चौरस्त्यावरच्या एका चहावाल्याचा फोन आला. "टीव्हीवरच्या बाईसारखीच पोरगी एका मुकादमाच्या गाडीत पाह्यली साहेब. रडून राह्यली होती." मजूर पुरवणारा तो मुकादम त्याच्या ओळखीचाच होता. दुपारी आम्ही त्याला उचलला.

गडी निर्ढावलेला. पाय पसरून बसला. "साहेब, तुमी डॉक्टरच्या पोरीले शोधा ना. हिच्यासाठी काऊन तरास घेऊन राह्यले? कोन विचारते हिले?"

मी त्याला हात लावला नाही. ठाण्यातला टीव्ही लावला. बातम्यांत त्या पोरीची आईच दिसत होती. "सारा जिल्हा विचारतोय," मी म्हणालो. गड्याचं तोंड उतरलं. पाय आपोआप जवळ आले. पाणी मागितलं आणि घडाघडा बोलला. पुलगावकडच्या एका शेतातल्या घरी पोरीला कोंडून राबवत होते.

महिला कर्मचाऱ्यांसह आम्ही छापा घातला. पोरगी सुखरूप! ठाण्यात आईने तिला कवटाळलं. "कुठं गेलती व माय?" एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. माझा हवालदार डोळे पुसत होता, आणि मीही.

डॉक्टरांची मुलगीही पुढच्या आठवड्यात मैत्रिणीकडे सापडली. घरी भांडून गेली होती. या केसने मला शिकवलं, की गुन्हेगारही बातम्या बघतो. कुणाची बातमी येत नाही, हे तो आपल्याआधी हेरतो.

पण त्या दिवशी वार्ताहरांना धडा दिला तो त्या आईने. पोरगी परत आल्यावर सगळे कॅमेरे आईभोवती जमले. "ताई, कसं वाटतंय?" तिने बाकावर एकट्या बसलेल्या डॉक्टरीणबाईंकडे, त्या दुसऱ्या आईकडे, हात केला.

"माही पोरगी आली. त्या बाईची अजून नाई आली. तिले इचारा ना."